लायनेलचा डावा हात

शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता गार्गी सहज बोलून गेली, "आज्जी, वेट टिल यू सी द लिफ्ट. फोर्टीन स्टेप्स. अंकल लायनेल होल्ड्स मी अप हिअर, द होल वे डाउन." किती वर ते दाखवायला तिने लिंबाची फोड डोक्यावर उंच धरली.

शकुंतलाबाईंचा झारा कढईतच थांबला.

"ते उचलणं काढून टाकलं ना तुमच्या नाटकातून?"

"नो. हू सेड?"

म्हणाला होता लायनेलच. मंगळवारी, गॅरेजमध्ये, आणि ते ऐकायला शकुंतलाबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्या दिवशी मुलगा राघव आणि सून विनिता कामावर होते, त्यांची गार्गी शाळेत, लेक नीलांबरी दुकानात गेली होती आणि यजमान भाऊसाहेब जेवून झोपले होते. खालून एक जड आवाज आला म्हणून शकुंतलाबाई जिना उतरून गेल्या, तर जावई भिंतीला टेकून उभा. समोर वीस किलोचं तांदळाचं पोतं फाटून पडलेलं, तांदूळ राघवच्या गाडीच्या चाकांपर्यंत गेलेले. लायनेल आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. बोटं सरळ करायला सांगतोय आणि ती ऐकत नाहीत, असं काहीतरी. दोघांनी मिळून तांदूळ भरले. भरता भरताच त्याने सांगितलं की गेले चार महिने हा हात मधूनच जातो. मिनिटभर, कधी त्याहून कमी. मग परत येतो. आज हाताची परीक्षा म्हणून दोनदा पोतं नीट उचललं, तिसऱ्यांदा गेलं.

"आणि गार्गीला उचलायचं आहे तुम्ही," शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या.

"नाही उचलणार, आई. उद्या डायरेक्टरला सांगतो. प्रॉमिस. तुम्ही फक्त घरात बोलू नका. बाबांना तर नकोच."

त्यांनी मान हलवली होती. पंचवीस वर्षांनी हा माणूस त्यांच्या मुलाच्या घरी राहायला आला होता. भाऊसाहेब त्याच्याशी एका टेबलावर जेवायला लागून जेमतेम दहा दिवस झाले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी ते मोडायला नको, असं तेव्हा वाटलं होतं. एवढीशी गोष्ट. आता पोह्यांच्या कढईसमोर उभं राहून त्यांनी गॅस बंद केला.

बैठकीच्या खोलीत भाऊसाहेब सूट घालून बसले होते. प्रयोग दोनचा, आणि सकाळी नऊला टायसुद्धा बांधून तयार. १९८१ साली नीलांबरीचं न्यूयॉर्कहून पत्र आलं, की कथक शिकवता शिकवता भेटलेल्या एका अमेरिकन नर्तकाशी लग्न करते आहे, आणि तो काळा आहे हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. तेव्हा याच माणसाने ते पत्र चार तुकडे करून शकुंतलाबाईंच्या हातात दिलं होतं. "नाच्या जावई," एवढंच म्हणाले होते. पुढे अठरा वर्षं मुलीशी बोलले नाहीत, आणि जावयाशी तर या महिन्यापर्यंत नाही. आता सकाळपासून तीनदा विचारून झालं होतं की जागा पुढच्या आहेत ना, मला लांबचं नीट दिसत नाही.

नीलांबरी न्हाऊन केस पुसत स्वयंपाकघरात आली. शकुंतलाबाईंनी गार्गीला केस विंचरायला वर पाठवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नीलू, लायनेलचा हात."

नीलांबरीने टॉवेल खुर्चीवर टाकला. घाईने नाही, पण दार लावून घेतलं. "त्याने सांगितलं तुला?"

"मी पाहिलं. तुला माहीत आहे?"

"मला माहीत नसेल का आई? त्याच्या शर्टाची बटणं मी लावते सकाळी."

"मग तू गप्प कशी? गार्गी आहे ती. तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी."

"चाळीस वर्षांत त्याने कुणाला पाडलेलं नाही." नीलांबरी हे इतक्या पटकन म्हणाली, की स्वतःलाही तिने ते अनेकदा सांगितलं असणार. "वेलिंग्टनचे अकरा प्रयोग. मग संपलं. डॉक्टरांना अजून नक्की सांगता येत नाही. मज्जातंतूंचं काहीतरी आहे. पुढच्या तपासण्या जानेवारीत. तोवर बाहेर कळलं, तर कंपनी त्याला उद्याच्या विमानात बसवेल. आणि मग जानेवारीत काय येणार आहे ते येईलच ना. त्याआधी हे अकरा दिवस तरी त्याचे असू देत."

"आणि पोर पडली तर?"

नीलांबरीने खुर्चीवरचा टॉवेल पुन्हा उचलला. तिचे ओठ पांढरे पडले होते. शकुंतलाबाईंना दिसलं की मुलगी आपल्याइतकीच घाबरलेली आहे, फक्त तिची भीती दुसऱ्या माणसासाठी आहे.

"आई, तू विनिताला सांगितलंस तर राघव मला या घरात पुन्हा उभं करणार नाही. बाबा तर तुला माहीतच आहेत. मी हात जोडते."

तेवढ्यात विनिता आत आली, गार्गीचा डबा आणि कार्डिगन घेऊन. सून मुळातच या नाटकाच्या विरोधात होती. शाळेतून निवड झाली तेव्हा तिने दोन दिवस संमतीपत्रावर सही केली नव्हती. "आई, आज बॅकस्टेजला तुमची पाळी आहे ना? तुम्ही असलात की मला काळजी नसते," ती म्हणाली आणि पालकांचं ओळखपत्र सासूच्या गळ्यात घातलं.

शकुंतलाबाईंना त्या क्षणी सांगता आलं असतं. त्या नीलांबरीकडे बघत राहिल्या आणि सांगितलं नाही.

*

राघव ज्या उपनगरात राहतो त्याचं नाव कुण्या इंग्रजाने आपल्या खंडाळ्यावरून ठेवलेलं. भाऊसाहेब ते हट्टाने खंडाळाच म्हणत. तिथून शहरात उतरणारी आगगाडी लहान, डोंगराच्या कडेकडेने जाणारी, मधे मधे बोगदे. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, तरी दक्षिणेचा गार वारा सुटला होता. गार्गी खिडकीशी बसून बुटांच्या टाचा जमिनीवर हलके वाजवत होती. शकुंतलाबाई तिच्या मानेकडे बघत होत्या. दहा वर्षांची मान केवढीशी असते.

"गार्गी, वर असताना तुला भीती नाही वाटत?"

"नाह. ही ऑल्वेज सेज, लुक अ‍ॅट द बॅक रो." थोडं थांबून ती म्हणाली, "यस्टरडे हिज हँड शुक अ लिटल. बट इट वॉज फाइन."

"काल हात हलला?"

"जस्ट अ लिटल, आज्जी."

गाडी बोगद्यात शिरली. शकुंतलाबाईंनी नातीचा हात धरला तो स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी नाव लिहून दोघी आत गेल्या. गार्गी मुलींच्या खोलीत गेली. शकुंतलाबाई तिथून रंगमंचाच्या कडेला आल्या. सेटवरचा जिना लाकडी, वर अरुंद, खाली रुंद होत गेलेला, आणि कठडा नाही. त्यांनी पायऱ्या मोजल्या. मग वरच्या पायरीकडे बघून, तिथे सहा फुटी माणूस उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर हात लांब करून धरलेली मुलगी आहे, एवढं मनात आणलं, आणि त्या तशाच कलाकारांच्या खोल्यांकडे वळल्या.

लायनेलच्या खोलीच्या दारावर त्याचं नाव होतं. आत तो आरशासमोर बसून उजव्या हाताने भुवई रेखत होता. डावा हात मांडीवर, त्यावर टॉवेल.

शकुंतलाबाईंनी दार लावलं. "तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता." त्याने पेन्सिल ठेवली. इतक्या वर्षांत नीलांबरीकडून शिकलेलं त्याचं मराठी सावकाश चाले. "बुधवारी गेलो, आई. दारापर्यंत गेलो. आतून डायरेक्टर म्हणाला, ये, पोस्टर आलं आहे. पोस्टरवर माझं नाव सगळ्यात वर. मी बघत बसलो. मग परत आलो."

त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत नाही ते कसं असतं," तो म्हणाला, आणि मग ज्यांचं नाव कधी कुठेच वर आलं नाही त्यांना हे आपण सांगतोय, असं वाटून त्याने मान खाली घातली. "बॉल्टिमोरला आमच्या घराच्या खाली एक म्हातारा राहायचा. पूर्वी नाचायचा. माझी आई त्याचे कपडे इस्त्री करायची, पैसे नाही घ्यायची. त्याच्या बदली त्याने मला टॅप शिकवला, बूट वाजवत नाचायचं, तळघराच्या फळ्यांवर. एकोणिसाव्या वर्षी कोरसमध्ये लागलो, मागच्या रांगेत नाचायला. टीव्हीवर तीन वर्षं पोलिसाचा दोस्त. सिनेमात मी वेटर, ड्रायव्हर, लिफ्टवाला. दार उघडायचं, यस सर म्हणायचं. एक्केचाळिसाव्या वर्षी एक मोठं काम मिळालं, अकरा महिने चाललं, मग गुडघे गेले. शिकवत बसलो वीस वर्षं. आता एकसष्ट वर्षांचा आहे, आणि पहिल्यांदा नाव वर आलं. आज हात चांगला आहे, आई. सकाळपासून बघतोय."

"काल थरथरला. गार्गीने सांगितलं."

त्याचा चेहरा बदलला. पोरीला कळलं आहे हे त्याला माहीत नव्हतं.

शकुंतलाबाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि पदर कमरेला खोचला. हे आधी ठरवलेलं नव्हतं. हात आपोआप तसे गेले. "मला उचला."

"काय?"

"डोक्यावर नको. छातीपर्यंतच. मला धरून या दारापर्यंत चार पावलं चालायचं. नेलंत तर मी बाहेर जाऊन गप्प बसते. विनिताला नाही, राघवला नाही, कुणाला काही सांगत नाही. हा माझा शब्द, आणि मी तो पाळते."

"आई, प्लीज."

"मी सत्तेचाळीस किलोची आहे. तुम्ही याहून मोठ्या बायका उचलल्यात, नीलूने फोटो पाठवलेत. उचला."

तो उठला. जवळ आला. पाया पडण्यापलीकडे त्याने त्यांना कधी हात लावला नव्हता. त्याचे दोन्ही हात कमरेच्या वर टेकले तेव्हा शकुंतलाबाईंनी डोळे मिटले. पुण्याच्या शेजारीण आशालताबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं आणि पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत, ते डोळ्यासमोर आलं. उजवीकडे पक्की पकड होती. डावीकडे हात होता, पण अंगठा दाबत नव्हता. रिकामा हातमोजा ठेवावा तसा तो तिथे नुसता होता. लायनेलने श्वास घेतला. तो श्वास आत राहिला, खूप वेळ राहिला. बाहेर कुणीतरी पियानोचे सूर जुळवून बघत होतं.

हात बाजूला झाले.

"नाही, आई," तो म्हणाला. "तुम्ही पडाल."

शकुंतलाबाईंनी डोळे उघडले. आपण काय म्हणालो ते त्याने स्वतःच ऐकलं होतं, आणि तो तिथेच खुर्चीवर बसला. अर्धी रेखलेली भुवई, दुसरी तशीच.

मग तो म्हणाला, "आज सांगितलं की कायमचं संपलं. आजच्यापुरतं नाही."

"हो," शकुंतलाबाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायला त्यांना जमलं नाही. "मी येऊ बरोबर?"

"या."

*

स्टेज मॅनेजर बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळात पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि फक्त एवढंच विचारलं की गार्गीला कोण सांगणार. लायनेल म्हणाला, मी.

गार्गी तोवर वेण्या घालून, गालांना लाली लावून तयार होती. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तेही त्याला सोपं गेलं नाही. माझा एक हात आजारी आहे, आज तुला माझ्याऐवजी दुसरा नर्तक उचलेल, त्याने माझ्याबरोबर हे सगळं शिकून ठेवलंय, असं त्याने तिला सांगितलं. गार्गीने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग आजीकडे.

"विल ही ड्रॉप मी?"

"नो. मी इथे उभा राहून बघणार. पूर्ण वेळ."

"प्रॉमिस?"

लायनेलने शकुंतलाबाईंकडे पाहिलं नाही. "प्रॉमिस," तो म्हणाला.

दोन वाजता प्रेक्षागृहात घोषणा झाली की प्रकृतीच्या कारणामुळे आज मुख्य भूमिका दुसरे कलाकार करतील. सगळीकडून हळहळ उठली. शकुंतलाबाई आणि लायनेल पडद्याच्या कडेला उभे होते. पहिल्या गाण्याला सुरुवात झाली तोच नीलांबरी मागच्या दाराने आत आली. धावत आली होती, श्वास लागला होता.

"तू केलंस हे," ती हलक्या आवाजात म्हणाली. तिथे मोठ्याने बोलायची सोय नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. "दुसऱ्यांदा, आई. तेव्हा बाबांच्या मागे गप्प उभी राहिलीस आणि त्याला आपल्या घरात येऊ दिलं नाहीस. आज त्याला त्याच्या जागेवरून उठवलंस."

"नीलू," लायनेल म्हणाला. "मी सांगितलं. मी स्वतः."

"तिने सांगायला लावलं."

"हो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लावलं."

नीलांबरी दोघांपासून लांब, दोरांच्या खुंट्यांपाशी जाऊन उभी राहिली.

शेवटचं गाणं आलं. दुसरा नर्तक जिन्याच्या वरच्या पायरीवर गेला, गार्गी पळत त्याच्यापाशी गेली आणि वर उचलली गेली. शकुंतलाबाईंना तिचं पोट श्वासाने वरखाली होताना दिसत होतं. एक पायरी. दोन. पाचव्या पायरीला नर्तकाचा पाय किंचित जास्त पुढे पडला आणि तो थबकला, अर्ध्या तालापुरता. शकुंतलाबाईंनी तोंडावर पदर दाबला. शेजारी लायनेल पुटपुटत होता, वेट, वेट, नाऊ. त्याचे दोन्ही हात वर आले होते. उजवा खांद्याच्या वर, डावा छातीपाशीच राहिलेला. तो ते हात तसेच धरून होता, चौदावी पायरी येईपर्यंत, पोरीचे पाय जमिनीला लागेपर्यंत. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्याने हात खाली घेतले आणि खांबाला टेकून उभा राहिला.

नीलांबरीने ते पाहिलं. ती हलली नाही.

*

मग विनिताला सांगावं लागलं. मुलींच्या खोलीबाहेर, गार्गीचे केस सोडता सोडता. विनिताने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"मंगळवारपासून माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"काल ड्रेस रिहर्सलला तो तिला घेऊन खाली आला. तेव्हाही माहीत होतं."

"उचलणार नाही असं त्यांनी मला सांगितलं होतं. पण मी खात्री करून घेतली नाही. ती करायला हवी होती."

विनिताने गार्गीला जवळ ओढून धरलं, इतकं घट्ट की पोर "मम्, माय हेअर" म्हणाली. सासूला ती काही बोलली नाही. राघव बोलला, पण बहिणीला. गाडीत जागा नाही, असं तो तिच्याकडे न बघता म्हणाला. ते खरंही होतं, गाडी पाचजणांची होती आणि माणसं सात, पण कुणी कुठे बसायचं ते त्याने ज्या रीतीने सांगितलं त्यात सगळं आलं होतं.

या सगळ्यात भाऊसाहेब कुठे आहेत हे कुणी पाहिलंच नाही. ते काठी टेकत एकटेच लायनेलच्या खोलीपर्यंत पोचले होते. शकुंतलाबाई दारात आल्या तेव्हा ते जावयासमोर उभे होते, सुटाची सगळी बटणं लावून.

"घोषणा मला नीट ऐकू आली नाही," ते इंग्रजीत म्हणाले, रेल्वेतल्या नोकरीत वापरायचे त्या जुन्या, घोटलेल्या इंग्रजीत. "मी पूर्ण वेळ तुम्हाला शोधत होतो. प्रत्येक माणसात."

"आय अ‍ॅम सॉरी, सर."

"पंचवीस वर्षं मला तुमचा नाच बघायचा नव्हता. आज बघायचा होता." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग मराठीत, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "आता काय बघणार मी."

लायनेलला मराठी कळत होतं. तो टॉवेलने तोंडावरचा रंग पुसत राहिला, आणि भाऊसाहेबांनी टेबलावरचा दुसरा टॉवेल उचलून त्याच्यापुढे धरला.

राघवच्या गाडीत ते दोघं मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसून गेले.

*

आई आणि मुलगी आगगाडीने निघाल्या. साडेपाच वाजले होते, ऊन अजून वर होतं आणि बंदरावर वाऱ्याने पांढऱ्या लाटा उठत होत्या. डब्यात खरेदीच्या पिशव्या घेतलेली चारदोन माणसं. नीलांबरी समोरच्या बाकावर बसली, शेजारी नाही. पहिला बोगदा गेला, दुसरा गेला. अठरा वर्षांचा अबोला कसा सुरू होतो ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. तो भांडणाने सुरू होत नाही. कुणीतरी समोर बसून खिडकीबाहेर बघायला लागतं, आणि मग वर्षं जातात. आपलं वय बहात्तर, हेही त्यांच्या मनात आलं.

सिमला क्रेसेंट नावाच्या छोट्याशा स्टेशनवर गाडी थांबली आणि सुटली.

"त्याला वाटतं मला कळत नाही," नीलांबरी खिडकीकडे बघत म्हणाली. "रात्री तो उठून बसतो, एकेक बोट मोजत. मी झोपल्याचं सोंग करते. आई, मला खूप भीती वाटते."

"मलाही वाटते."

"तू मला तसं नको सांगूस. तू सांग की काही होणार नाही."

"ते मला माहीत नाही, नीलू."

नीलांबरीने खाली मान घातली. मग म्हणाली, "जानेवारीत तपासण्यांना मी एकटीच असेन त्याच्याबरोबर. न्यूयॉर्कला आमचं कुणी नाही."

"व्हिसाला किती दिवस लागतात?"

नीलांबरीने वर पाहिलं. पंचवीस वर्षांत तिच्या घराचा उंबरठा माहेरच्या कुणीही ओलांडला नव्हता.

"तू येशील?"

"येईन."

"आणि बाबा?"

"त्यांना मी विचारणारच नाही. अर्ज दोघांचा भर."

गाडी शेवटच्या बोगद्यात शिरली. डब्यातले दिवे मंद होते. त्या उजेडात नीलांबरी उठली, चालत्या गाडीत तोल सावरत आईच्या शेजारी येऊन बसली, आणि गाडी बाहेर पडली तेव्हा दोघींपैकी कुणीच खिडकीबाहेर बघत नव्हतं.